ऑफ-पेज एसईओ: पुण्यातल्या व्यावसायिकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑफ-पेजमध्ये नक्की काय काय येतं?

एसईओ म्हणजे गूगलच्या शोधात वेबसाइट वर आणण्याचं काम. त्यातलं ऑफ-पेज म्हणजे तुमच्या वेबसाइटच्या बाहेर घडणाऱ्या, पण शोधातल्या तिच्या क्रमांकावर परिणाम करणाऱ्या सगळ्या गोष्टी. दुसऱ्या साइटवरून तुमच्याकडे येणाऱ्या लिंका म्हणजे बॅकलिंका, गूगल बिझनेस प्रोफाइल (गूगलच्या नकाशावर दिसणारी व्यवसायाची नोंद), ग्राहकांचे रिव्ह्यू, डिरेक्टरीतल्या नोंदी, वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावरचा उल्लेख. पानाचा मजकूर, शीर्षक, वेग हे ऑन-पेजचं काम. ते आधी करा. पानच इंडेक्स झालेलं नसेल, म्हणजे गूगलच्या नोंदीतच नसेल, तर त्याच्याकडे येणारी उत्तम लिंकही वाया जाते. सर्च कन्सोल या गूगलच्या मोफत साधनात पानाचा पत्ता टाकून ते इंडेक्समध्ये आहे का, एवढं तपासल्याशिवाय बाहेरच्या कामाला हात घालू नका.

दुसऱ्यांनी दिलेल्या लिंकेला गूगल एवढं महत्त्व का देतं?

लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात मांडलेल्या पेजरँकपासून हे सुरू झालं. दुसऱ्या कुणी तुमच्या पानाचा हवाला दिला, तर ते पान उपयोगी असण्याची शक्यता जास्त, असा तो विचार. मात्र सगळे हवाले सारखे नाहीत. हवाला देणाऱ्या पानाचं स्वतःचं वजन किती आणि ते वजन किती लिंकांमध्ये वाटलं जातंय, दोन्ही मोजलं जातं. ज्या पानावर ३०० बाहेरच्या लिंका आहेत, तिथून तुमच्या वाट्याला जवळजवळ काही येत नाही. स्वस्तातल्या लिंका का चालत नाहीत, याचं अर्धं उत्तर या गणितातच आहे. आज क्रमांक ठरवताना इतर असंख्य गोष्टी पाहिल्या जातात, पण हे तत्त्व गेलेलं नाही.

चांगली लिंक ओळखायची कशी?

पहिली कसोटी: गूगल उद्या बंद पडलं तरी ती लिंक तिथे असण्याला अर्थ आहे का? तिच्यावरून एखादा खरा माणूस तुमच्याकडे येईल का? उत्तर हो असेल तर पुढचं पाहा. लिंक मजकुराच्या ओघात आहे की तळाच्या पट्टीत शंभर नावांत कोंबलेली? ते पान गूगलवर शोधल्यावर सापडतं का? लिंकेचे शब्द नैसर्गिक आहेत का? लोक सहसा व्यवसायाचं नाव, पानाचं शीर्षक किंवा 'इथे पाहा' असं लिहितात. पन्नास वेगवेगळ्या साइटवर 'पुण्यातील सर्वोत्तम दंतवैद्य' हेच शब्द जसेच्या तसे दिसले, की ते कुणीतरी ठरवून लिहवून घेतलंय हे यंत्रालाही कळतं.

आणि त्या साइटवरचे अलीकडचे दहा लेख उघडून बघा. पहिला दातांच्या निगेवर, दुसरा क्रिप्टोवर, तिसरा पॅकर्स-मूव्हर्सवर, चौथा ऑनलाइन रमीवर, आणि प्रत्येकात बरोबर एकच बाहेरची लिंक. ही साइट वाचकांसाठी चालत नाही, लिंका विकण्यासाठी चालते. तिचा डीएसारखा आकडा (त्याविषयी पुढे) कितीही चांगला असो, तिथून निघा.

आमचा डीए १२ आहे. तो ३० करून मिळेल का?

डीए म्हणजे डोमेन अथॉरिटी, साइटचं वजन किती याचा मॉझ या कंपनीचा आकडा. डोमेन रेटिंग हा तसाच अहरेफ्स या कंपनीचा. दोन्ही खासगी अंदाज आहेत, गूगल ते वापरत नाही. गूगलचा स्वतःचा पेजरँक आकडा लोकांना दिसायचा, तो २०१६मध्ये बंद झाला. दोन स्पर्धकांची ढोबळ तुलना करायला डीए ठीक आहे. पण तो वाढवून देण्याचं कंत्राट कुणाला देऊ नका. निकृष्ट साइटवरून, रिडायरेक्टच्या (एका पत्त्यावरून दुसऱ्यावर आपोआप वळवण्याच्या) साखळ्या लावून तो फुगवता येतो. आकडा वर जातो आणि चौकशीचे फोन होते तेवढेच राहतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर '५०० बॅकलिंका, दोन हजार रुपये' असा मेसेज आला. घेऊन पाहायला काय हरकत आहे?

घेऊ नका. त्या ५००मध्ये काय असतं पाहा: बंद पडलेल्या फोरमवरची प्रोफाइल पानं, परदेशी ब्लॉगांच्या प्रतिक्रिया, यंत्राने फिरवलेले लेख टाकलेली मोफत खाती, आणि एकाच मालकाच्या पंधरा-वीस साइटचं जाळं. यातली बरीचशी पानं काही आठवड्यांत इंडेक्सबाहेर जातात, त्यामुळे यादी हातात आली तरी लिंका उरत नाहीत.

गूगलने २४ एप्रिल २०१२ रोजी आपल्या शोधप्रणालीत पेंग्विन हा बदल आणला तो यासाठीच. त्या वेळी खरेदी केलेल्या लिंकांमुळे अख्ख्या साइटी खाली गेल्या. सप्टेंबर २०१६पासून पेंग्विन मुख्य प्रणालीत आहे आणि बहुतेक वेळा अशा लिंका नुसत्या बाद धरतो. म्हणजे बहुधा शिक्षा होत नाही, पैसे मात्र जातात. प्रकार मोठा आणि उघड असेल तर गूगलचे कर्मचारी हाताने कारवाई करतात, आणि त्यातून बाहेर यायला महिने जातात.

मग पुण्यातल्या छोट्या व्यवसायाला खऱ्या लिंका मिळणार कुठून?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर.

सुरुवात ओळखीच्यांपासून करा. जे तुम्हाला आधीच ओळखतात, त्यांच्या साइटवर तुमचं नाव असायला हवं आणि बहुतेकदा ते नसतं. कागद घ्या आणि यादी करा: ज्यांचा माल विकता ते उत्पादक (त्यांच्याकडे अधिकृत विक्रेत्यांचं पान असतं), ज्यांना माल देता ते मोठे ग्राहक, व्यापारी संघटना, तुम्ही देणगी दिलेलं गणेश मंडळ किंवा ग्रंथालय, जिथे व्याख्यान दिलंत ते महाविद्यालय, जिथे स्टॉल लावलात ते प्रदर्शन. मराठा चेंबर ऑफ कॉमर्स १९३४पासून पुण्यात आहे. तिचे किंवा तुमच्या धंद्याच्या दुसऱ्या एखाद्या संघटनेचे सभासद असाल, तर सभासदांच्या यादीत वेबसाइटचा पत्ता देता येतो का, एवढं विचारा. एका दुपारचं काम आहे, तरी या यादीतून निघणाऱ्या लिंका वर्षभर विकत घेतलेल्यांपेक्षा भारी पडतात.

दुसरी पायरी, लिंक देण्याजोगं काहीतरी आपल्या साइटवर ठेवा. 'आमच्याविषयी' आणि 'आमच्या सेवा' या पानांना कुणी लिंक देत नाही, आणि का द्यावी? उदाहरण घ्या. भोसरी एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटचं जॉबवर्क करणारा कारखाना आहे. त्याच्याकडे रोज येणारा प्रश्न: ईएन ८ किंवा ईएन २४ हे पोलाद किती तापमानाला टेम्पर केलं तर किती हार्डनेस मिळतो, आणि हार्डनेस मोजण्याच्या रॉकवेल पद्धतीचा आकडा ब्रिनेल पद्धतीत किती होतो? उत्तर सुपरवायझरच्या वहीत आहे. तेच स्वच्छ तक्ता करून साइटवर टाका. जॉबची जाडी बदलली की काय फरक पडतो, ड्रॉइंगवर हार्डनेस कसा लिहावा, क्वेंचिंगमध्ये, म्हणजे तापवलेला जॉब झटकन थंड करताना, तडा का जातो, हे खाली चार-पाच परिच्छेदांत लिहा, शॉपफ्लोअरवरचे स्वतःचे फोटो द्या. मग ते पान आयटीआयच्या आणि पॉलिटेक्निकच्या शिक्षकांना, डिझाइन करणाऱ्या ग्राहकांना पाठवा. त्याचा हवाला दिला जाईल, कारण ते उपयोगी आहे.

हेच सोसायट्यांची कामं करणाऱ्या वकिलांना लागू. मानीव अभिहस्तांतरणासाठी (बिल्डरने न दिलेली जागेची मालकी सोसायटीच्या नावे करून घेण्यासाठी) कोणती कागदपत्रं लागतात, ती कुठून मिळतात, अर्ज कशामुळे अडकतो, याची नीट यादी असलेलं पान पुण्यातल्या शेकडो सोसायट्यांच्या सचिवांना हवं आहे. ट्रेक नेणाऱ्यांनी एसटीच्या वेळा, पाण्याची ठिकाणं, पावसाळ्यात बंद असणाऱ्या वाटा लिहाव्यात. फक्त ती पानं अद्ययावत ठेवावी लागतात. दोन वर्षांपूर्वीच्या वेळा दिसल्या की लिंक देणारा ती काढतो आणि परत देत नाही.

तिसरी पायरी, नाव आहे पण लिंक नाही अशा जागा. तुमच्या व्यवसायाचं नाव अवतरणचिन्हांत घालून शोधा, पुढे वजाचं चिन्ह लावून स्वतःची साइट वगळा. फोटोंसाठी गूगल लेन्स वापरा. तुम्ही काढलेला राजगडाचा फोटो कुणी वापरला असेल, तर भांडण न करता श्रेय आणि लिंक मागा. मेल छोटा असू द्या:

'नमस्कार, तुमच्या अमुक लेखात आमच्या कार्यशाळेचा उल्लेख वाचला, आभार. वाचकांना वेळापत्रक थेट पाहता यावं म्हणून नावाला या पानाची लिंक देता येईल का? लेखातला पत्ता जुना आहे, नवा सोबत देत आहे.'

तीन वाक्यं पुरतात. उत्तर आलं नाही तर आठवड्याने एकदा आठवण करा आणि तिथेच थांबा.

गेस्ट पोस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या साइटवर पाहुणा लेख, लिहाव्यात का?

तुमच्या विषयाचे वाचक जिथे आहेत, तिथे तुमच्या नावाने, स्वतः लिहिलेला लेख असेल तर जरूर लिहा. एकच लेख थोडा फिरवून वीस ठिकाणी टाकणं म्हणजे लिंकांची खरेदीच, फक्त वेगळ्या नावाने.

वर्तमानपत्राच्या साइटवर पैसे देऊन लेख छापला तर?

प्रसिद्धीसाठी छापा, क्रमांकासाठी नको. पैसे देऊन घेतलेल्या लिंकेला 'स्पॉन्सर्ड' किंवा 'नोफॉलो' अशी खूण (वाचकाला न दिसणारी, 'ही लिंक क्रमांकासाठी मोजू नका' असं गूगलला सांगणारी) असायला हवी, हा गूगलचा नियम आहे. शिवाय मोठ्या साइटच्या नावावर बाहेरच्यांचा मजकूर क्रमांकासाठी छापण्याविरुद्ध गूगलने मार्च २०२४मध्ये धोरण जाहीर केलं आणि मे २०२४पासून कारवाई सुरू केली. 'सकाळ', 'लोकसत्ता', 'महाराष्ट्र टाइम्स'च्या शहर पुरवण्यांत बातमी म्हणून यायचं असेल तर बातमी लागते. 'आमच्या दुकानाला दहा वर्षं झाली' ही बातमी नाही. तुमच्याकडे शहराविषयीची अशी माहिती असेल जी दुसऱ्या कुणाकडे नाही, उदाहरणार्थ पावसाळ्यात कोणत्या भागातून कुठल्या दुरुस्तीच्या तक्रारी जास्त येतात, तर ती बातमीदाराला उपयोगी पडते.

नोफॉलो लिंकेचा काहीच फायदा नाही का?

आहे. नोफॉलो २००५मध्ये ब्लॉगवरच्या स्पॅम प्रतिक्रियांवर उपाय म्हणून आलं. सप्टेंबर २०१९मध्ये त्याच्या जोडीला जाहिरातीसाठी 'स्पॉन्सर्ड' आणि वाचकांनी लिहिलेल्या मजकुरासाठी 'यूजीसी' या खुणा आल्या, आणि गूगल त्यांना आज्ञा न मानता सूचना मानू लागलं. मराठी विकिपीडियावरच्या बाहेरच्या लिंका नोफॉलो असतात, तरी तिथून वाचक येतात. पण म्हणून स्वतःच्या धंद्याची लिंक विकिपीडियात घुसवू नका. ती उडवली जाते, आणि पुन्हा पुन्हा केलंत तर पत्ता काळ्या यादीत जातो.

इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर शेअर झालं की क्रमांक वाढतो का?

थेट नाही. लोकांच्या नजरेला पडलं, तर त्यातला एखादा पुढे लिंक देतो, तेवढाच संबंध.

गूगल बिझनेस प्रोफाइलमध्ये सगळ्यात जास्त चुका कुठे होतात?

नाव आणि पत्ता. पाटीवर 'श्री गणेश इलेक्ट्रिकल्स' असेल तर प्रोफाइलवर तेच हवं. 'श्री गणेश इलेक्ट्रिकल्स – बेस्ट इलेक्ट्रिशियन कोथरूड पुणे' असं लिहिलं तर प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. मग अपील करताना शॉप अ‍ॅक्टचा दाखला, जीएसटी नोंदणी, वीजबिल मागितलं जातं आणि त्या कागदांवरचं नाव जुळत नाही.

पत्त्याची पुण्यात खास अडचण आहे. एकच रस्ता कुणी 'जंगली महाराज रस्ता' लिहितं, कुणी 'जे. एम. रोड'. सदाशिव पेठेतलं दुकान एका डिरेक्टरीत 'टिळक रोड', दुसरीत 'अलका टॉकीजजवळ', तिसरीत नुसतं 'स्वारगेट'. भोसरीचा कारखाना कधी 'पुणे', कधी 'पिंपरी-चिंचवड'. संक्षेप गूगलला बऱ्यापैकी कळतात. गोंधळ होतो तो जुना फोन नंबर, चुकीचा पिनकोड आणि जागा बदलल्यावर राहून गेलेल्या नोंदींमुळे. एक प्रमाण पत्ता ठरवा: दुकान क्रमांक, इमारत, रस्ता, भाग, पिनकोड (सदाशिव पेठ असेल तर ४११०३०), आणि एकच नंबर. मग बिझनेस प्रोफाइल, जस्टडायल, इंडियामार्ट, सुलेखा, फेसबुक पान आणि स्वतःच्या साइटची तळपट्टी, सगळीकडे तोच घाला. आधी जुनी नोंद शोधून दुरुस्त करा. नवी टाकलीत तर एकाच्या दोन होतात.

पडताळणीसाठी आता बहुधा व्हिडिओ मागतात. तो मध्ये न थांबवता, न कापता काढावा लागतो: बाहेरचा रस्ता आणि पाटी, मग आत येऊन हत्यारं किंवा माल, मग कुलूप उघडणं, बिलिंग चालवणं असं काहीतरी, ज्यातून जागा तुमच्या ताब्यात आहे हे कळेल. घरून काम करणाऱ्या केटरर, प्लंबर यांनी पत्ता लपवून सेवेचे भाग टाकावेत, जास्तीत जास्त २० टाकता येतात. जिथे तुमचा माणूस बसतच नाही, असा भाड्याचा व्हर्च्युअल पत्ता नियमात बसत नाही.

हडपसरचं दुकान कोथरूडच्या शोधात वर आणता येईल का?

नकाशावरचे निकाल तीन गोष्टींवर ठरतात: शोधाशी जुळणी, अंतर आणि व्यवसायाची ख्याती. अंतर तुमच्या हातात नाही. नेहमीच्या वस्तूंसाठी कोथरूडचा माणूस हडपसरला जाणार नाही आणि गूगलही त्याला पाठवणार नाही. दुर्मीळ सेवेचं गणित वेगळं असतं, तिथे ख्याती अंतरावर मात करू शकते.

रिव्ह्यू कसे मागावेत?

काम झाल्यावर लगेच, प्रत्येकाला, आणि बदल्यात काही न देता. प्रोफाइलमधून रिव्ह्यूची लिंक आणि क्यूआर कोड मिळतो, तो बिलावर छापा. 'पाच स्टार द्या, दहा टक्के सूट घ्या' हे गूगलच्या धोरणाविरुद्ध आहे. खूश ग्राहकांनाच लिंक पाठवणं आणि नाराजांना वेगळ्या फॉर्मकडे वळवणंही चालत नाही. कर्मचारी आणि नातेवाईक यांच्याकडून लिहवून घेऊ नका. भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानकही काढलं आहे. एका रात्रीत चाळीस रिव्ह्यू आले आणि पुढे चार महिने एकही नाही, हा क्रम यंत्राला सहज दिसतो.

कुणी एक स्टार दिला आणि खोटं लिहिलं, तर?

'खोटं आहे' एवढ्यावर गूगल रिव्ह्यू काढत नाही. ग्राहक खरा की दुकानदार, हा निवाडा ते करत नाहीत. शिवीगाळ, स्पर्धकाने लिहिलेला मजकूर, विषयाशी संबंध नसलेला मजकूर असेल तर तक्रार नोंदवा. बाकी वेळी उत्तर द्या, आणि ते लिहिणाऱ्यापेक्षा पुढे वाचणाऱ्या शंभरांसाठी आहे हे लक्षात ठेवा: 'नमस्कार. आमच्या नोंदीत या तारखेचं बिल सापडत नाही. कृपया बिल क्रमांक दुकानाच्या नंबरवर पाठवा, त्याच दिवशी पाहून कळवतो.' उत्तरात ग्राहकाचा फोन, आजार, रक्कम उघड करू नका. डॉक्टरांनी तर तो आपला रुग्ण होता की नाही हेसुद्धा लिहू नये.

आमची साइट मराठीत आहे. तिला लिंका कमी मिळतात का?

मराठी साइटची संख्या कमी, म्हणून लिंका कमी. पण स्पर्धाही तशीच कमी आहे, त्यामुळे थोड्या नेमक्या लिंकांवर काम होतं. अडचण वेगळीकडेच येते: पानाचा पत्ता देवनागरीत ठेवला, तर कॉपी केल्यावर प्रत्येक अक्षर-चिन्हाचे नऊ रोमन चिन्हांचे तुकडे होतात. 'पुणे' या छोट्या शब्दाची (दोन अक्षरं, एक उकार, एक मात्रा) ३६ चिन्हं होतात. अशी लांबलचक ओळ मेलमध्ये तुटते, पेपरात छापता येत नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाहणाऱ्याला फसवणूक वाटते. शीर्षक आणि मजकूर मराठीच ठेवा, पत्ता मात्र रोमन लिपीत, तीन-चार शब्दांचा करा. जुनी पानं बदलणार असाल तर प्रत्येक जुन्या पत्त्यावरून नव्यावर ३०१ रिडायरेक्ट, म्हणजे कायमचं वळण, लावा.

साइट नव्याने बनवली आणि ट्रॅफिक, म्हणजे साइटवर येणारे लोक, निम्म्यावर आलं. का?

बहुतेक वेळा जुने पत्ते मेले म्हणून. बाहेरच्यांनी ज्या पानाला लिंक दिली होती ते आता ४०४, म्हणजे 'पान सापडत नाही', असं दाखवतं, म्हणजे इतक्या वर्षांची कमाई भिंतीवर आपटते. सर्च कन्सोलच्या लिंक्स रिपोर्टमधून सर्वाधिक लिंका असलेल्या पानांची यादी काढा, एकेक उघडून पाहा आणि जे उघडत नाही ते त्याच विषयाच्या नव्या पानावर वळवा. सगळी मुखपृष्ठावर वळवू नका, गूगल ते बऱ्याचदा ४०४सारखंच धरतं. हे रिडायरेक्ट निदान वर्षभर ठेवा, जमल्यास कायमचे.

आमच्याकडे घाणेरड्या साइटवरून लिंका येताहेत. डिसअव्हाव करावं का, म्हणजे 'या मोजू नका' असं गूगलला कळवावं का?

तुम्ही किंवा तुमच्या एजन्सीने त्या विकत घेतल्या नसतील आणि सर्च कन्सोलमध्ये मॅन्युअल अ‍ॅक्शन (गूगलच्या कर्मचाऱ्यांनी हाताने केलेली कारवाई) दिसत नसेल, तर काही करू नका. असा कचरा प्रत्येक साइटकडे येतो आणि गूगल तो सोडून देतं. एसईओच्या टूलमधला लाल 'टॉक्सिक' आकडा पाहून चांगल्या लिंका स्वतःच्या हाताने नाकारणारे कमी नाहीत.

कारवाई आली असेल तर क्रम असा: लिंक्स रिपोर्ट उतरवून घ्या, विकत घेतलेल्या लिंका वेगळ्या काढा, त्या साइटना काढायला मेल करा, कोणाला कधी लिहिलं याची नोंद ठेवा. ज्या निघत नाहीत त्यांची साधी टेक्स्ट फाइल करा, एका ओळीत एक. अख्खी साइट नाकारायची तर इंग्रजी 'डोमेन' शब्द, लगेच कोलन, मग पत्ता. फाइल यूटीएफ-८मध्ये, दोन एमबीच्या आत. हे साधन सर्च कन्सोलच्या मेन्यूत नाही, त्याचं पान वेगळं आहे, आणि ते 'डोमेन' प्रकारच्या प्रॉपर्टीला (सर्च कन्सोलमधली साइटची नोंद) चालत नाही, पूर्ण पत्त्याची प्रॉपर्टी जोडावी लागते. इथे बरेच जण अडकतात. शेवटी पुनर्विचाराच्या अर्जात काय घडलं, काय काढलं, पुढे काय करणार नाही, हे सरळ लिहा.

परिणाम दिसायला किती वेळ लागतो आणि मोजायचं काय?

साधारण चार महिने ते वर्ष. स्वतःच्या फोनवर शोधून क्रमांक पाहू नका, तुम्ही दुकानात बसलेले असता म्हणून तो वरच दिसतो. महिन्यातून एकदा चार गोष्टी लिहून ठेवा: लिंक देणाऱ्या वेगवेगळ्या साइट किती, तुमच्या नावाने होणारे शोध किती, प्रोफाइलवरून आलेले फोन किती आणि दिशा विचारणारे किती. नावाने होणारे शोध वाढत असतील, तर काम बरोबर चाललंय.

एजन्सी नेमताना काय पाहावं?

'पहिल्या क्रमांकाची हमी' देणाऱ्याला नमस्कार करा. कोणत्या साइटवर, कोणत्या पानावर, कशामुळे लिंक मिळाली, हे दरमहा पत्त्यांसह द्यायला सांगा. लिंका भाड्याच्या आहेत का, म्हणजे करार संपल्यावर काढल्या जातात का, हे लेखी विचारा. डोमेन, सर्च कन्सोल आणि बिझनेस प्रोफाइल या तिन्हींची मुख्य मालकी व्यवसायाच्या स्वतःच्या ईमेलवर हवी, एजन्सीला फक्त व्यवस्थापकाचे अधिकार द्या. आधीच उलटं झालं असेल तर करार चालू असतानाच बदलून घ्या. प्रोफाइलवर नव्याने जोडलेल्या मालकाला पूर्ण अधिकार मिळायला सात दिवस जावे लागतात, त्यामुळे हे काम शेवटच्या दिवसावर ठेवू नका.